भीमबेटका येथील शैलाश्रय

मध्य प्रदेशातील रायसेन जिल्ह्यात, भोपाळपासून सुमारे ४५ किलोमीटरवर, विंध्य पर्वतराजीत भीमबेटका हे स्थळ वसले आहे. सभोवार साग, तेंदू व मोह यांचे अरण्य आहे. १९५७ साली पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर यांचे लक्ष आगगाडीतून जाताना येथील खडकांकडे वेधले गेले आणि हे स्थळ प्रकाशात आले.

ज्यांना आपण गुहा म्हणतो, ते वस्तुतः शैलाश्रय होत. वालुकाश्माचे मृदू थर वारा-पाण्याने झिजत गेले. कठीण थर मात्र छतासारखे पुढे झुकून राहिले. त्यांच्या छायेत मानवाला निवारा लाभला आणि त्याने रंगविलेली चित्रे ऊन-पावसापासून बचावली. परिसरातील सातशेहून अधिक शैलाश्रयांपैकी चारशेहून अधिकांत चित्रे आढळतात.

या निवाऱ्यांचे वय जमिनीखालील थर सांगतात. १९७० नंतरच्या दशकात झालेल्या उत्खननांत तळाशी पुराश्मयुगीन हातकुऱ्हाडी व फरश्या मिळाल्या, तर वरच्या थरांत मध्याश्मयुगातील नखाएवढी सूक्ष्म हत्यारे सापडली. म्हणजे एकाच छताखाली माणसाने युगानुयुगे आसरा घेतला.

चित्रांचे वय ठरविणे अधिक अवघड आहे. तेथे अभ्यासकाला चित्रांवरील चित्रांचाच आधार घ्यावा लागतो. कोठे हरिणे व गवे यांच्या आकृतींवर शस्त्रधारी घोडेस्वार रेखाटलेले दिसतात. अर्थात वरचे चित्र नंतरचे. गेरूचा लाल व पांढरा हे येथील प्रमुख रंग होत.

असे अनुमान किती सावधपणे करावे लागते, याचे उदाहरण येथेच घडले. २०२१ मध्ये एका शैलाश्रयाच्या छतावरील ठसा कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या डिकिन्सोनिया या जीवाचा अश्मीभूत अवशेष असल्याचे जाहीर झाले. पुन्हा पाहणी केली असता ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष असल्याचे आढळले, आणि हे २०२३ मध्ये जाहीर झाले. जागेवर जाऊन फेरतपासणी करता आली, म्हणूनच ही चूक दुरुस्त होऊ शकली.

२००३ मध्ये युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. झाडीतून जाणाऱ्या पायवाटेने प्रवाशांना त्यातील मोजकेच शैलाश्रय पाहता येतात. त्यांनी चित्रांना हात न लावणे हा केवळ शिष्टाचार नव्हे. हाताचा घाम व तेलकटपणा रंगाला बाधक ठरतो, आणि पुसलेल्या रेषेची फेरतपासणी कोणालाही करता येत नाही.