दगडाहून जुना किडा

पहाटे ५.४०. धाराशिवहून तेरला निघते. डिकीत रंगकामाचा बारीक ब्रश, चिमटा, अल्कोहोलच्या कुप्या आणि झाकणाला भोकं पाडलेले लोणच्याचे दोन डबे. सप्टेंबर आहे, रात्री पाऊस पडून गेलाय. अशा ओलीत आमचा किडा वर येतो. शेपटाला चिमटा असलेला. इंग्रजीत त्याच्या नावात कान आहे, पण कानात शिरण्याचा त्याला काही शौक नाही. मी त्याला ‘चिमटेवाला’ म्हणते.

६.२०. तेरणेच्या काठावर एक पसरट काळा दगड उचलला. खाली बोटाच्या पेराएवढा खड्डा, त्यात साबुदाण्याहून लहान, पांढरट अंड्यांची ढिगली आणि तिच्याभोवती वेटोळं करून बसलेली मादी. युबोरेलिया वंशाची: अंगानं काळी, बिनपंखांची, पिवळट पायांवर गडद कडी. उजेड पडताच तिनं शेपूट विंचवासारखं वर केलं. मी श्वास रोखून बसले. दोन मिनिटांनी तिनं एक अंडं तोंडात धरून फिरवलं, चाटलं, खाली ठेवलं, पुढचं उचललं. ही चाटणी बुरशी धरू नये म्हणून. पिल्लं बाहेर येऊन थोडी मोठी होईपर्यंत आई त्यांच्याजवळ राहते. कीटकांत एवढी माया दुर्मीळ. दगड होता तसा ठेवला. दुसऱ्या दगडाखालची अशीच एक मादी मात्र मातीसकट डब्यात घेतली. अंडी मोजली: ३४.

७.१५. काठालगतच्या मक्यात. शेताचे मालक बांधावर दात घासत उभे.

“मॅडम, ह्यो इखारी हाय का ओ?”

“नाही तात्या. उलट पोंग्यातली लष्करी अळी खातो.”

“मग कशाला धरताव? ऱ्हाऊ द्या की!”

बरोबर बोलले. ही अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली भारतात शिरली. त्याच वर्षी कर्नाटकातल्या मक्यात तिला खाणाऱ्यांमध्ये फोर्फिक्युला वंशाचा चिमटेवाला सापडला होता. भुईमुगाच्या शेतात मात्र याच गोतावळ्यातला एक भाऊबंद शेंगा पोखरतो, ते तात्यांना सांगितलं नाही. त्यांनी भुईमूग लावला नव्हता.

८.००. गावातून परतताना गोरोबाकाका कुंभारांच्या समाधीवरून गेले. कुंभाराला लागते तशीच माती जीवाश्मालाही लागते: बारीक, खडा नसलेली, निवांत बसलेली. आमच्या जिल्ह्याच्या अंगाखाली मात्र सगळा लाव्हा. तापलेल्या रसात किड्याचा ठसा कुठून उमटणार?

१०.३०. प्रयोगशाळा. सूक्ष्मदर्शकाखाली पहिलाच नमुना लावला आणि लाईट गेली. आरसा खिडकीकडे वळवून काम चालू ठेवलं, जुन्या पद्धतीनं. काठावर धरलेला दुसरा चिमटेवाला, लॅबिड्युरा, पंखवाला आहे. पुढचे पंख म्हणजे कातडी बंडीसारखे आखूड, अर्ध्या पाठीपर्यंत. त्याखालचा मागचा पंख सुईनं उलगडायला पाऊण तास गेला. पंख्यासारखा आडवा पसरतो, आणि घडी घातली की दहा पटींहून लहान होतो. हात जरा सैल सोडला की आपोआप मिटतो. २०१८ मध्ये झ्युरिकच्या अभियंत्यांनी या घडीची नक्कल केली. मला उलगडताही नीट येत नाही. मग पाय पाहिला. टोकाचे सांधे मोजले: तीन.

१२.००. बी.एस्सी.चा तास. फळ्यावर दोन आकडे लिहिले. वरती १६ कोटी वर्षं, खाली ६.६ कोटी.

वरचा आकडा कझाकस्तानातल्या कारातौचा. तिथं ज्युरासिक काळातल्या एका तळ्याचा गाळ पानापानांनी सुटतो. त्यात सापडलेल्या प्रोटोडिप्लॅटिस या चिमटेवाल्याचं वर्णन मार्तिनोव्ह या रशियन अभ्यासकानं १९२५ मध्ये केलं. त्या जुन्या मंडळींच्या पायाला टोकाचे सांधे पाच, डोक्यावर साधे डोळे, मादीला अंडी घालायची नळी बाहेर दिसणारी. आणि चिमटा नाहीच! त्याच्या जागी झुरळाच्या मिशीसारख्या दोन लांब, मण्यामण्यांच्या शेपट्या. पंख आखूड आणि कडक व्हायला आधी सुरुवात झाली, चिमटा मागून आला. त्याही मागे, पर्मियन काळात, कडक पुढचे पंख असलेले काही कीटक होते. ते यांचे पूर्वज की लांबचे चुलते, यावर वाद आहे. मी चुलत्यांच्या बाजूची.

खालचा आकडा दख्खनच्या लाव्ह्याचा. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “म्हणजे मॅडम, दगडाखालचा किडा दगडापेक्षा जुना?”

हेच मला तासाच्या शेवटी सांगायचं होतं. आता उरलेली वीस मिनिटं काय करावं ते कळेना.

२.३०. चहा. तीच मुलगी दारात. “आपल्याकडं खोल खणलं तर सापडतील का?” शिपाईमामा लोहारा तालुक्यातले. कप ठेवता ठेवता म्हणाले, “खणलंय की, किल्लारीला. भूकंपानंतर.” खरं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल बोअर घेतलं. ३३८ मीटर काळा दगड लागला, त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळ आणि मग अतिप्राचीन खडक. त्या आठ मीटरवर मुलीचे डोळे लकाकले. मामा मात्र त्या पहाटेबद्दल बोलू लागले आणि आम्ही दोघी गप्प ऐकत राहिलो.

जाताना तिला नागपूरच्या टाकळीचं सांगितलं. तिथं लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये तळ्याचा गाळ दबलेला आहे. मिशनरी हिस्लॉपनं तिथून जमवलेल्या कीटकांवर मरे यानं १८६० मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय नियतकालिकात लिहिलं. हाती लागली ती मुख्यतः भुंगेऱ्यांची कडक पंखझाकणं. मऊ अंगाचं टिकत नाही.

४.००. चिठ्ठ्या लिहिल्या: गाव, तारीख, अधिवास. रटाळ काम, पण चिठ्ठी नसलेला किडा म्हणजे पत्ता नसलेलं पत्र.

५.१५. दिवसभर राखून ठेवलेली कुपी उघडली. सह्याद्रीतून एका मित्रानं पाठवलेलं डिप्लॅटिस कुळातलं पिल्लू, मुंगीएवढं. मागे अंगाइतक्याच लांब दोन शेपट्या, मण्यामण्यांच्या. कारातौच्या गाळातल्यासारख्याच. शेवटची कात टाकताना त्या गळतात आणि बुडाशी जो मणी उरतो त्याचाच चिमटा होतो. मुलीला बोलावून दाखवलं. तिनं मणी मोजायला सुरुवात केली, चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. शिपाईमामा कुलूप हातात घेऊन उभे.

९.३०. घरी, स्वयंपाकघराच्या ओट्यावर डबा. दिवसभरात एका बाजूची माती वाळली होती. आईनं सगळी अंडी एकेक करून ओल्या कोपऱ्यात नेली होती आणि त्यांच्यावर बसली होती. टॉर्च तिरपा धरून मोजली. ३३. एक नासलं असणार, तिनंच खाऊन टाकलं. मातीवर चमचाभर पाणी शिंपडलं आणि डब्यावर फडकं टाकलं.