कळतंय सगळं... पण वळत का नाही?

स्वतःबद्दलची माहिती आपल्याकडे खंडीभर असते. खरं मात्र भलत्याच वेळी, भलत्याच शब्दातून बाहेर पडतं!

तुमच्या ऑफिसात असा एक नग असेलच. लंचला बसला की स्वतःच्या स्वभावाचं पोस्टमॉर्टेम स्वतःच करणारा. ‘लहानपणी बाबांनी कधी कौतुक केलं नाही ना, म्हणून मी असा वर्कोहोलिक...’ वगैरे वगैरे. आमच्या ऑफिसातला तो नग म्हणजे मी!

मी मूळचा गोंदिया जिल्ह्यातला, आमगावकडचा. घरी धानाची शेती, बोलायला झाडीबोली. गेली नऊ वर्षं मुंबईत नोकरी. दोन वर्षांपूर्वी छातीत धडधडायला लागलं, तेही घरचा फोन वाजला की हमखास. ईसीजी नॉर्मल. शेवटी एका मित्राच्या आग्रहावरून मनोविश्लेषण करणाऱ्या मॅडमकडे जायला लागलो. आठवड्यातून दोनदा, पन्नास मिनिटं. अट एकच, मनात येईल ते गाळणी न लावता बोलायचं.

मी आपला तयारीनिशी जायचो. पुस्तकं वाचून, रील्स बघून. माझं बालपण, माझे कॉम्प्लेक्स, सगळे फंडे क्लिअर! मॅडम शांतपणे ऐकून घ्यायच्या. आणि धडधड? ती जशीच्या तशी.

मेन्यूकार्डाने पोट भरत नाही

यात नवल काही नव्हतं, हे नंतर कळलं. सिग्मंड फ्रॉइडने १९१० सालीच लिहून ठेवलंय की, पेशंटला त्याच्या दुखण्याचं कारण नुसतं सांगून टाकणं म्हणजे दुष्काळात उपाशी माणसांना मेन्यूकार्ड वाटणं. दडपलेली गोष्ट आपल्याला ‘माहीत नसते’ एवढ्यानेच त्रास होत नाही. ती माहीत करून घ्यायला आपला आतूनच विरोध असतो, खरी गोम तिथे आहे.

पुढे फ्रान्सच्या जाक लाकांने (१९०१-८१) ज्ञान आणि सत्य यांच्यातली ही फट आणखी स्पष्ट केली. ज्ञान साठवता येतं, पुस्तकात लिहिता येतं, दुसऱ्याकडून उसनं घेता येतं. सत्याचं तसं नाही. ते जीभ घसरते तेव्हा निसटतं, स्वप्नात डोकावतं. आणि तेही अर्धंच; पूर्ण सत्य शब्दांत मावत नाही, असं त्याचं म्हणणं.

आपल्याकडे कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली इंडियन सायकोॲनालिटिकल सोसायटी काढली. फ्रॉइडला ते कधी भेटले नाहीत, पण दोघांचा पत्रव्यवहार बरीच वर्षं चालला. तरी त्याचं ज्ञान त्यांनी डोळे मिटून गिळलं नाही. युरोपातल्या पेशंटमध्ये ठळक दिसणाऱ्या काही गोष्टी आपल्या पेशंटमध्ये तितक्या दिसत नाहीत, असं त्यांनी १९२९ साली फ्रॉइडला सरळ कळवलं. थोडक्यात काय, थिअरी नंतर. समोरचा माणूस काय बोलतोय ते आधी.

एक शब्द घसरला

माझी थिअरी चौथ्या महिन्यात कोसळली. तीन वर्षांपूर्वी नागपूरला बाबांचं हार्टचं ऑपरेशन झालं होतं, त्याबद्दल बोलत होतो. ‘क्वार्टर एंड होता. पैसे लगेच पाठवले. पण जाता नाही आलं. सुटीच मागितली नाही.’

मला म्हणायचं होतं, ‘मिळाली नाही.’

‘मागितली नाही?’ मॅडमनी एवढंच विचारलं.

आता हे मला माहीत नव्हतं का? होतं की! अर्ज मीच केला नव्हता. पण ‘सुटी मिळाली नाही’ हे वाक्य घरी, मित्रांना आणि स्वतःलाही इतक्यांदा ऐकवलं होतं, की तेच खरं होऊन बसलं होतं. उरलेला तास मी नुसता रडलो. नळ्या लावलेले बाबा बघायची मला भीती वाटली होती. बहुतेक. आणखीही काही असेल, ते अजून हाती लागलेलं नाही.

आईला सांगितलं तेव्हा

दिवाळीला विदर्भ एक्स्प्रेस पकडून घरी गेलो. हलका धान कापून झाला होता, गावोगाव मंडई भरत होती. बाबा आता ठणठणीत. ते मंडईत गेले होते. आई सपरीत, म्हणजे तुमच्या भाषेत ओसरीत, तांदूळ निवडत बसली होती. तिच्याजवळ बसून सांगून टाकलं. ‘आई, तेव्हा मी सुटी मागितलीच नव्हती.’

तिचे हात थांबले नाहीत. ‘मले मालूम होतं. तुह्या दोस्ताले फोन केला होता तवा.’

मी थक्क! ‘मग बोलली काऊन नाही?’

‘म्या बोलून काय होते? तुले बोलाचं होतं.’

तीन वर्षं माहिती तिच्याकडेही होती आणि माझ्याकडेही. दोघांचंही काही अडलं नव्हतं, आणि सगळंच अडलं होतं. संध्याकाळी बाबा मंडईतून परतले, तेव्हा त्यांनाही सांगितलं. ते काही बोलले नाहीत. जेवताना माझ्या ताटात भात जरा जास्तच वाढायला लावला.

धडधड अजूनही होते, अधूनमधून. पण घरचा फोन आता उचलतो. आणि लंचला स्वतःबद्दलची लेक्चर्स बंद केली आहेत. ऑफिस खूश आहे!