आपटे, हरि नारायण

(८ मार्च १८६४ – ३ मार्च १९१९). युगप्रवर्तक मराठी कादंबरीकार, कथाकार आणि करमणूक या साप्ताहिकाचे संपादक. जन्म खानदेशातील पारोळे येथे. आई लहानपणीच वारल्यामुळे त्यांचे संगोपन एकत्र कुटुंबात झाले. बालपण मुंबईत गेले. १८७८ मध्ये कुटुंब पुण्यास आले. चुलते महादेव चिमणाजी आपटे हे मुंबई उच्च न्यायालयातील नामांकित वकील. पुढे त्यांनीच संस्कृत ग्रंथांच्या जतनासाठी व प्रकाशनासाठी पुण्यात आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली (१८८८). तत्कालीन रूढीप्रमाणे हरिभाऊंचा विवाह वयाच्या पंधराव्या वर्षीच झाला (१८७९). न्यू इंग्लिश स्कूलमध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व आगरकर यांचे शिक्षण त्यांना लाभले. १८८३ मध्ये ते मॅट्रिक झाले. त्यानंतर डेक्कन व फर्ग्युसन या महाविद्यालयांत त्यांनी अध्ययन केले. परंतु गणिताशी त्यांचे कधीच न जमल्यामुळे पदवी हाती लागली नाही. वाचन मात्र अफाट होते. चिपळूणकरांच्या मृत्यूनंतर (१८८२) त्यांनी शिष्यजनविलाप हे काव्य रचले आणि आगरकरांनी केलेल्या हॅम्लेटच्या विकारविलसित या भाषांतराचे दीर्घ परीक्षण लिहिले. गुरूच्या ग्रंथातील उणिवा विद्यार्थ्याने जाहीरपणे दाखवाव्यात, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

हरिभाऊंच्या बहुतेक कादंबऱ्या प्रथम नियतकालिकांतून क्रमशः प्रसिद्ध झाल्या. त्यांच्या लेखनाचे सामर्थ्य आणि त्यातील दोष या दोहोंचा उगम बऱ्याच अंशी या प्रकाशनपद्धतीत आहे. ही पद्धती मूळची फ्रेंच वृत्तपत्रांची. १८३६ मध्ये पॅरिसच्या ला प्रेस या स्वस्त दैनिकाने बाल्झाकची एक कादंबरी क्रमशः छापली. त्यानंतर अझेन स्यू (१८०४–५७) याच्या ले मिस्तेर द पारी या कादंबरीने (१८४२–४३) झूर्नाल दे देबा या वृत्तपत्राच्या वाचकांना वेड लावले. पॅरिसमधील गुन्हेगारी वस्त्यांचे सनसनाटी चित्रण करता करता स्यू दारिद्र्य, तुरुंग व मजुरांची स्थिती यांकडे वळला. वाचकांची पत्रे येत राहिली आणि करमणुकीच्या लेखनाला सुधारणेचा सूर लाभला. पुढे तो फ्रान्सच्या विधिमंडळावर निवडून आला (१८५०) व लुई नेपोलियनने बळाने सत्ता हस्तगत केल्यानंतर परागंदा होऊन सॅव्हॉय प्रांतात वारला. त्याच्या कादंबरीचे अनुकरण करून जी. डब्ल्यू. एम्. रेनल्ड्झ या इंग्रज लेखकाने लंडनच्या रहस्यांवर कादंबरीमाला रचली. इंग्लंडमध्ये सुशिक्षितांनी हलका ठरविलेला हा लेखक हिंदुस्थानातील नवशिक्षितांत मात्र अतिशय लोकप्रिय होता.

हरिभाऊंच्या मधली स्थिती (१८८५) या पहिल्या कादंबरीला रेनल्ड्झच्याच एका कादंबरीचा आधार आहे. ती पुणे वैभव या पत्रातून प्रसिद्ध होऊ लागली. मद्यपान, नाटकांचा शौक आणि आंधळे अनुकरण यांत सापडलेल्या पुण्यातील तरुण पिढीचे चित्र तीत आहे. चौकट उसनी असली, तरी माणसे पुण्याची आहेत. मराठीत तोपर्यंत बाबा पदमनजींची यमुनापर्यटन (१८५७) आणि रा. भि. गुंजीकरांची मोचनगड (१८७१) असे काही अपवाद सोडले, तर मुक्तामालेच्या (१८६१) वळणाच्या अद्‍भुतरम्य कादंबऱ्यांचीच चलती होती. राजपुत्र, अरण्ये, दुष्ट प्रधान आणि योगायोग यांतून कथेला बाहेर काढून माजघरात व ओसरीवर आणण्याचे कार्य हरिभाऊंनी केले. सामाजिक कादंबऱ्यांना त्यांनी दिलेले ‘आजकालच्या गोष्टी’ हे साधे नाव या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

१८९० मध्ये त्यांनी करमणूक हे साप्ताहिक सुरू केले. राजकीय वादांनी तापलेल्या पुण्यात, घरातील सर्व मंडळींना एकत्र वाचता येईल असे मनोरंजक पत्र काढावे आणि मनोरंजनाबरोबर बोधही करावा, हा त्यामागील हेतू होता. कथा, चरित्रे, कविता, शास्त्रीय माहिती असे विविध साहित्य त्यात येई आणि त्याचा मोठा भाग संपादक स्वतःच लिहीत. केशवसुतांच्या कविताही करमणुकीत प्रसिद्ध झाल्या. हे पत्र हरिभाऊंनी सु. सत्तावीस वर्षे चालविले. त्यांच्या कादंबऱ्यांचा वाचक कोण, याचे उत्तर या पत्राच्या स्वरूपातच सापडते. अंक घरात येई तो शिकलेल्या पुरुषाच्या नावे. परंतु तो मोठ्याने वाचला जाई तेव्हा शाळेचे तोंड न पाहिलेल्या स्त्रियाही ऐकावयास बसू शकत. ज्यांच्या दुःखाविषयी कादंबरी लिहिली जात होती, त्यांच्याच कानांवर ती घालण्याचा याहून सोपा मार्ग त्या काळी नव्हता.

पण लक्षांत कोण घेतो? (१८९०–९३) ही कादंबरी करमणुकीच्या आरंभापासूनच येऊ लागली. यमू नावाच्या मुलीने आपली जीवनकहाणी स्वतःच सांगितली आहे, अशी तिची रचना आहे. बाहुलीच्या खेळापासून कथा सुरू होते. माहेर, लहानपणीचे लग्न, सासरचा जाच, मैत्रीण दुर्गी हिची दुर्दशा हे सर्व घरगुती बोलीत, बारीकसारीक तपशिलांसह येते. मग पती रघुनाथराव यमूला मुंबईस नेतो. तेथील स्वतंत्र बिऱ्हाड, वाचन, पतिपत्नींचा मोकळा संवाद आणि सुधारक मित्रांची कुटुंबे यांचे वर्णन कादंबरीतील सर्वांत प्रसन्न भाग होय. पतीच्या अकाली मृत्यूने ते सुख संपते. पुण्यास परतलेल्या यमूचे, शंकरमामंजी या दांभिक गृहस्थाच्या पुढाकाराने, बळजबरीने केशवपन केले जाते आणि त्या आघातातून ती सावरत नाही. पुरुषाने स्त्रीच्या तोंडून लिहिलेले हे आत्मनिवेदन इतके स्वाभाविक उतरले आहे की, लेखक पुरुष असल्याचे वाचकास ठायी ठायी विस्मरण होते.

या कादंबरीचे प्रकरणांमागून प्रकरण प्रसिद्ध होत असतानाच संमतिवयाच्या विधेयकावरून महाराष्ट्र दुभंगला होता. मार्च १८९१ मध्ये झालेल्या कायद्याने संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली. सरकारने हिंदूंच्या कुटुंबव्यवस्थेत हात घालू नये, म्हणून टिळकांनी विधेयकास विरोध केला. आगरकरांनी त्याचा सुधारक मधून जोरदार पुरस्कार केला. एकाच शाळेतील दोन गुरूंमध्ये असा उघड संघर्ष चालू असताना हरिभाऊंनी वादाची भाषा टाळून एका मुलीला बोलते केले. शास्त्रार्थाला शास्त्रार्थाने उत्तर देता येते. यमूच्या कहाणीला तसे उत्तर देणे सोपे नव्हते. हरिभाऊंची वृत्ती रानडे–गोखले यांच्या नेमस्त संप्रदायाची होती. गोखले हे त्यांचे स्नेही. त्यामुळे त्यांची सुधारक पात्रे बंड करण्यापेक्षा सोसतात, अशी टीका होऊ शकते व ती सर्वस्वी अन्याय्य नाही. तथापि विधवेचा पुनर्विवाह लावून देऊन कथा गोड करण्याचा मोह त्यांनी टाळला, हे त्यांच्या वास्तवनिष्ठेचे गमक होय.

मी (१८९३–९५) या कादंबरीत देशकार्यासाठी संसाराचा त्याग करणाऱ्या भावानंदाची कथा असून तीतील भाऊ-बहिणीचे नाते विशेष हृद्य आहे. यशवंतराव खरे (१८९२–९५), जग हें असें आहे (१८९७–९९), भयंकर दिव्य (१९०१–०३), मायेचा बाजार (१९१०–१२) या त्यांच्या इतर सामाजिक कादंबऱ्या.

ऐतिहासिक कादंबरीलाही त्यांनी नवे वळण दिले. मेडोज टेलरच्या कादंबरीवरून लिहिलेल्या म्हैसूरचा वाघ (१८९०–९१) नंतर आलेली उषःकाल (१८९५–९७) ही या प्रकारातील त्यांची सर्वोत्कृष्ट कृती मानण्यात येते. शिवकालाच्या आरंभीचे वातावरण, आदिलशाही सरदारांच्या मनातील निष्ठांचा झगडा आणि सामान्य मावळ्यांची माणुसकी तीत समर्थपणे उभी केली आहे. तानाजी मालुसऱ्यांच्या सिंहगडावरील पराक्रमावरील (१६७०) गड आला पण सिंह गेला (१९०३–०४) ही आटोपशीर कादंबरी पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. चंद्रगुप्त (१९०२–०४) मध्ये त्यांनी मौर्यकाल, तर वज्राघात (१९१३–१५) मध्ये विजयानगरचा विनाश (१५६५) हा विषय हाताळला. वज्राघात ची शोकात्म उंची पाहता, उषःकालाच्या बरोबरीने तिचा विचार व्हावयास हवा.

वरील सनावळींवरून एक गोष्ट ध्यानात येते. अनेकदा दोन कादंबऱ्या एकाच वेळी चालू असत. दर आठवड्याला मजकूर छापखान्यात गेलाच पाहिजे, अशा निकडीत लिहिल्यामुळे पाल्हाळ, पुनरुक्ती, वाचकांशी मध्येच सुरू होणाऱ्या लांबलचक गप्पा आणि सैल कथानक हे दोष त्यांच्या लेखनात राहिले. आधीचे अंक न वाचलेल्यांसाठी मागील कथेची आठवण करून द्यावी लागे. ती ग्रंथरूपात खटकते. गणपतराव, आजच, सूर्यग्रहण, कर्मयोग यांसारख्या कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. त्यांतील गणपतराव तडीस गेली असती, तर ती त्यांच्या श्रेष्ठ कृतींत गणली गेली असती, इतके तिचे उपलब्ध प्रकरणांतील चित्रण सकस आहे. उलटपक्षी, पात्रांच्या सहवासात वर्षानुवर्षे राहिल्याने वाचकाला जी जवळीक वाटे, तीही या विस्तारामुळेच शक्य झाली. यमूचे बालपण शंभर पानांत आटोपले असते, तर तिच्या वैधव्याचा घाव इतका खोल बसला नसता.

त्यांच्या लघुकथा स्फुट गोष्टी या नावाने चार भागांत संगृहीत आहेत. त्यांतील ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही दुष्काळात सापडलेल्या शेतकरी कुटुंबाची कथा मराठी ग्रामीण कथेची पूर्वसूरी समजली जाते. तिचा इंग्रजी अवतार रामजी या नावाने लंडन येथे प्रसिद्ध झाला (१८९७). मोल्येरच्या प्रहसनावरून त्यांनी मारून मुटकून वैद्यबुवा हे नाटक रचले. संत सखूबाई (१९११) हे त्यांचे स्वतंत्र नाटक होय. रवींद्रनाथ टागोरांच्या गीतांजली चा त्यांनी मराठी अनुवादही केला.

आनंदाश्रमाच्या व्यवस्थेची जबाबदारी हरिभाऊंनी अखेरपर्यंत सांभाळली. पुणे नगरपालिकेचे ते सदस्य व अध्यक्ष होते आणि प्लेगच्या साथीत त्यांनी लोकसेवेचे कार्य केले. १९१२ मध्ये अकोला येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. मुंबई विद्यापीठाच्या विल्सन भाषाशास्त्र व्याख्यानमालेत १९१५ मध्ये त्यांनी मराठीचा उगम व विकास या विषयावर व्याख्याने दिली. केशवसुतांच्या निधनानंतर (१९०५) विखुरलेल्या त्यांच्या कविता एकत्र करून १९१७ मध्ये पहिला संग्रह प्रसिद्ध केला तोही हरिभाऊंनीच. त्याच सुमारास करमणूक बंद पडले आणि त्यातून चालू असलेली कर्मयोग ही कादंबरी अर्धवट राहिली. त्यानंतर दोन वर्षांनी पुणे येथे त्यांचे निधन झाले.