दोघांचा दम

पोवाड्यात शाहिराच्या मागे उभा असलेला झीलकरी शोभेसाठी नसतो. चौक, म्हणजे कडवं, संपवता संपवता शाहिराचा दम जातो, नेमक्या त्या क्षणी मागून 'जी जी रं जी'ची झील उठते आणि तेवढ्यात शाहीर छाती भरून घेतो. ऐकणाऱ्याला वाटतं, गाण्याला रंग चढला. खरं तर माणसाला श्वास मिळालेला असतो. रॅपमध्ये जोड्या का जमतात याबद्दल मैत्री, स्वभाव, 'केमिस्ट्री' असं बरंच बोललं जातं. माझ्या मते त्याचं मूळ फुप्फुसात आहे.

स्टुडिओत ओळ तुकड्यातुकड्यानं रेकॉर्ड होते, श्वासाचे आवाज संगणकावर कापून टाकता येतात. मंचावर ती सोय नाही. मिनिट-दीड मिनिट न थांबता शब्द फेकायचे, वर उड्या मारायच्या, गर्दीला हात वर करायला लावायचं. एकटा रॅपर मग मागे स्वतःचाच रेकॉर्ड केलेला आवाज चालू ठेवतो आणि अधूनमधून ओठ हलवतो. पब्लिकला ते कळतं. दोघं असले की पहिल्याच्या ओळीतले शेवटचे दोन शब्द दुसरा उचलतो. दिल्लीच्या सिद्धांत शर्मा आणि अभिजय नेगी यांची 'सीधे मौत' ही जोडी बघा. 2018चा 'बयान' असो की 2023चा तीस गाण्यांचा 'लंच ब्रेक', एकाच्या तोंडातून शब्द दुसऱ्याच्या तोंडात असा जातो की कोण कधी थांबला ते पटकन कळत नाही.

आता अशी जोडी परंड्यासारख्या तालुक्याच्या गावी उभी करून बघू. नाट्यगृहाचं, क्लबचं गणित इथे बाजूला ठेवायचं. इथला मंच म्हणजे सोनारीच्या काळभैरवनाथाची चैत्रातली यात्रा, दर्ग्याचा उरूस, 19 फेब्रुवारीची शिवजयंती, 14 एप्रिलची भीमजयंती आणि गणपतीची मंडळं. कार्यक्रम ठरला की 'सुपारी' आली म्हणायचं आणि 'विसार', म्हणजे आगाऊ रक्कम, घ्यायचा. रॅपर टी-शर्ट घालून आला तरी व्यवहार तमाशाच्या फडाचाच. यात मला काही कमीपणा वाटत नाही. उलट मुंबई-पुण्यातल्या रॅपरला तिकीट काढून येणारा श्रोता आधी शोधावा लागतो, इथे यात्रेला माणूस येतोच. त्याला थांबवून धरायचं एवढंच काम. ते सोपं नाही, ही गोष्ट वेगळी.

खरी परीक्षा साउंडवाल्यापाशी होते. त्याचा हात ऑर्केस्ट्रा, कीर्तन आणि भाषणांवर बसलेला, म्हणून माईक दिला की इको वाढवायचा ही त्याची सवय. लांबवलेल्या सुराला इको मानवतो. रॅपमध्ये मात्र प्रत्येक शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते आणि वीस फुटांवरच्या माणसाला नुसता गोंगाट ऐकू येतो. त्यात पोरं व्हिडिओत बघून माईकची जाळी मुठीत धरतात. त्यानं आवाज घोगरा होतो आणि स्पीकर शिट्टी मारायला लागतो. समोर मॉनिटर नसला तर स्वतःचा आवाज स्वतःलाच उशिरा ऐकू येतो आणि ताल घसरतो. जोडीला इथेही फायदा: एक मंचावर असताना दुसरा खाली उतरून, गर्दीच्या मागे उभा राहून, काय ऐकू येतंय ते सांगू शकतो. वर पुढाऱ्यांची भाषणं लांबतात. ध्वनिप्रदूषणाच्या 2000च्या नियमांनुसार रात्री दहाला स्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट मिळू शकते, पण ते दिवस सरकारनं ठरवायचे. नवख्या जोडीच्या वाट्याला पावणेदहा येतात.

  

जोडीचा जुना दाखला परंडा तालुक्यातच आहे. समर्थ रामदासांनी सांगायचं आणि कल्याणस्वामींनी लिहून घ्यायचं, असा दासबोध झाला. त्या कल्याणस्वामींचा मठ सीनेकाठच्या डोमगावला आहे. आणि पंचवीस-तीस किलोमीटरवर बार्शी. तिथे 1916मध्ये मेहबूब हुसेन पटेल जन्मले, गिरणीत राबले आणि शाहीर अमर शेख झाले. 1944मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णा भाऊंनी लिहायचं आणि अमर शेखांनी गायचं अशी ढोबळ वाटणी लोक करतात. ती पुरती खरी नाही. अमर शेख स्वतः कवी होते, 'कलश' त्यांचाच संग्रह. अण्णा भाऊही मंचावर गात. पण अण्णा भाऊंची छक्कड अमर शेखांच्या पहाडी गळ्यातून संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत गेली, तेव्हा ती दोघांची झाली. 1969मध्ये, 18 जुलैला अण्णा भाऊ गेले आणि 29 ऑगस्टला इंदापूरजवळच्या अपघातात अमर शेख.

आजच्या मराठी जोड्यांत लिहिणारा-गाणारा ही वाटणी मागे पडून आवाज आणि बीट अशी वाटणी आली आहे. जळगावजवळच्या धानवडचा संजू राठोड गातो, भाऊ गौरव म्हणजे जी-स्पार्क संगीत बांधतो. 2024च्या 'गुलाबी साडी'ला कोणी रॅप म्हणणार नाही, पण घरातल्या दोघांना स्वतंत्रपणे काय करता येतं ते त्यातून दिसलं. त्याच वर्षी पुण्याचा क्रेटेक्स (कृणाल घोरपडे) आणि श्रेयस सागवेकर यांचं 'तांबडी चामडी' नेदरलँड्सच्या 'स्पिनिन' रेकॉर्ड कंपनीनं काढलं. हाऊस संगीतावर अस्सल मराठी शब्द. दोन्ही ठिकाणी बीट घरची आहे, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गावाकडची बहुतेक पोरं यूट्यूबवरची 'फ्री' बीट उचलतात. ती फुकट असते ती सरावापुरती. गाणं चाललं की कुठल्या तरी देशातल्या बीटवाल्याचा दावा येतो, किंवा तीच बीट आणखी पन्नास जणांनी वापरलेली निघते. भाड्यानं घेतली तरी किती वेळा वाजवायची याला मर्यादा असते.

स्ट्रीमिंगवर गाणं एकदा वाजलं की रुपयाचा अंशच मिळतो. त्यातून नाव होतं, चूल पेटते ती सुपारीवर. तरी हक्क सोडू नये. 2012च्या कॉपीराइट दुरुस्तीपासून गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा कंपनीला लिहून देता येत नाही. तो गोळा करणारी 'आयपीआरएस' संस्था स्थापन झाली 1969मध्ये, म्हणजे अण्णा भाऊ आणि अमर शेख गेले त्याच वर्षी. तिथे गाणं नोंदवताना शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोणाला किती टक्के हे भरावं लागतं. दोस्तीत हे बोलायला पोरांना जड जातं. मग गाणं चालतं, यात्रेची मोठी सुपारी येते, आणि विसार कोणाच्या खात्यावर घ्यायचा इथपासून भांडणाला सुरुवात होते. जुन्या फडांत हिशेब रात्री खेळ सुटल्यावर, सगळ्यांच्या देखत, रोख होत असे.