कार्य आयोजना: जंगलाची दहा वर्षं लिहिणारा ग्रंथ

मराठी वाचकाला जंगल भेटतं ते बहुधा मारुती चितमपल्लींच्या पुस्तकांतून. चितमपल्ली वनखात्यातलेच अधिकारी होते. त्या खात्याचं स्वतःचंही एक वाङ्मय आहे. ते ललित नाही, पुस्तकांच्या दुकानात मिळत नाही. पण कोणत्या कक्षात, म्हणजे जंगलाच्या कोणत्या तुकड्यात, कोणत्या वर्षी कुऱ्हाड चालायची, रोपवन कुठे करायचं, चराई कुठे बंद ठेवायची, हे त्यातच ठरतं. खात्यातली माणसं त्याला ‘वर्किंग प्लॅन’ म्हणतात. सरकारी मराठीत कार्य आयोजना. मुदत सहसा दहा वर्षांची. एवढा मोठा मुलूख ज्याच्या आधारे चालतो तो ग्रंथ जंगलाकाठच्या माणसांनीही वाचायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन पहिले वनसंरक्षक झाले. त्याआधी ते दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते. जहाजांना साग लागत होता, पुढे रेल्वेला स्लीपर लागू लागले, आणि जंगल मागे हटत होतं. किती तोडलं तर जंगल टिकेल, याचं गणित मात्र आकाराला आलं ते ब्रह्मदेशात. १८५६ मध्ये डिट्रिश ब्रँडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ पेगूच्या सागवनात दाखल झाले. हत्तीवर बसून ते रानातून सरळ रेषेत जात. डाव्या हातात चार काठ्या, झाडाच्या आकारमानाच्या एकेका वर्गाची एकेक. उजव्या हातात चाकू. साग दिसला की त्या वर्गाच्या काठीवर खाच. ओल्या बांबूवनात कागद टिकत नसे, म्हणून ही युक्ती. संध्याकाळी खाचा मोजायच्या. लहान झाडं मोठी व्हायला किती वर्षं लागतील ते काढायचं आणि तेवढ्याच बेताने दरवर्षीची तोड ठरवायची. ब्रँडिस १८६४ मध्ये हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक झाले आणि ही शिस्त देशभर गेली. १८७५ मध्ये ‘इंडियन फॉरेस्टर’ हे नियतकालिक निघालं, १८७८ मध्ये डेहराडूनला वनशाळा सुरू झाली.

आयोजनेचे मुख्य भाग दोन. पहिल्यात जंगलाची हकीकत: माती, पाऊस, झाडोरा, प्राणी, लोकांच्या गरजा, आजवर काय काय केलं. दुसऱ्यात पुढे काय करायचं ते. समजा एखादं झाड तोडण्याजोगं व्हायला चाळीस वर्षं लागतात. मग त्या जंगलाचे चाळीस कूप, म्हणजे तोडीचे भाग, पाडायचे आणि दरवर्षी एकच कूप तोडायचा; शेवटच्या कूपापर्यंत पोचेतो पहिला पुन्हा उभा राहिलेला असतो. तोडायच्या झाडावर हातोड्याचा ठसा दोन जागी उमटतो, छातीच्या उंचीवर आणि बुडाशी. झाड गेलं तरी बुडाचा ठसा थुटावर उरतो, आणि तोड परवानगीची होती की नाही ते तपासता येतं. प्रत्येक कक्षाचा इतिहास वेगळ्या नोंदीत ठेवतात. नीट ठेवलेली अशी नोंद वाचताना पूर्वी कुणी काय लावलं, काय जगलं, कुठे वणवा गेला, हे सलग समजत जातं. इतकं चिवट, पिढ्यान्‌पिढ्यांचं निरीक्षण आपल्याकडे फार थोड्या खात्यांत झालं असेल.

पण झाडं मोजणाऱ्यांनी माणसांना या ग्रंथात फार लहान जागा दिली. १८७८ च्या कायद्याने जंगलं राखीव करण्यासाठी सरकारचा हात बळकट झाला. ठाणे-कुलाब्यात भातशेतीआधी राब भाजण्यासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजून घेण्यासाठी, फांद्या छाटत. खात्याला ती नासधूस वाटे, शेतकऱ्याला ती रोपांची तयारी. तंटा इतका वाढला की सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. त्याच दशकात, १८८३ मध्ये, महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना गायरानं आणि सरपण हिरावणाऱ्या जंगलखात्यावर कडक शब्दांत टीका केली. वनसाहित्याचा इतिहास सांगताना ‘असूड’ वगळू नये. तो जंगलाच्या दुसऱ्या बाजूचा दस्तऐवज आहे.

शतकभरानंतर, डिसेंबर १९९६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेशिवाय जंगलतोडीला मनाई केली. ग्रंथाचं वजन एकदम वाढलं. दहा वर्षांनी वनहक्क कायदा आला आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांना जंगल राखण्याचा व त्याचं व्यवस्थापन करण्याचा अधिकार मिळाला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हा हक्क २००९ मध्ये मिळाला. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. चालू वर्षाचा आणि मागच्या वर्षाचा कोवळा बांबू कापायचा नाही, हा आयोजनेतला जुना नियम अशा गावांनाही अमान्य नाही. प्रश्न कापण्याच्या रीतीचा नव्हता, निर्णय कुणाचा हा होता.

२०१२ च्या सुधारित नियमांनुसार ग्रामसभेच्या समितीने स्वतःचा आराखडा करायचा, तो खात्याच्या आराखड्याशी जोडायचा आणि जोडताना समितीला गरजेचे वाटतील ते बदल करायचे. यासाठी खात्याची आयोजना गावाला वाचता यायला हवी. आज ती बहुतेक इंग्रजीत असते, कोष्टकांनी भरलेली. वनविभागाने निदान त्या त्या गावच्या कक्षांचा इतिहास, नकाशा आणि दहा वर्षांची कामं मराठीत, गडचिरोलीत गोंडीतही, ग्रामपंचायतीत ठेवावीत. म्हणजे कूप आखायला माणसं रानात येण्याआधीच ग्रामसभा त्यावर बोलू शकेल.