न जुळलेल्या ओळी

2011 च्या जनगणनेचा गाववार तक्ता घ्यावा, शेजारी केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या 2010 च्या मच्छीमार गणनेतली माहिती ठेवावी आणि पालघर जिल्ह्यातल्या धाकटी डहाणू या गावात घरं किती, त्यांपैकी दर्यावर जाणारी किती, हे एका ओळीत पाहावं, असं कुणा अभ्यासकाने ठरवलं. तर दोन्ही तक्त्यांना बांधणारा दुवा गावाच्या नावाचाच. आकडेवारीच्या कामात वापरल्या जाणाऱ्या ‘आर’ या संगणकभाषेत त्यासाठी ‘मर्ज’ हा आदेश आहे. ओळींची नावं जुळव म्हटलं की क्षणात एकच तक्ता तयार. पण मर्जचा मूळ स्वभाव असा, की दोन्हीकडे अक्षरशः एकच नाव असेल तरच ओळ ठेवायची. एकीकडे ‘धाकटी डहाणू’, दुसरीकडे मध्ये जोडरेघ, रोमन लिपीत एखादा ‘ए’ जास्त, किंवा नावाच्या शेवटी डोळ्यांना न दिसणारी मोकळी जागा, एवढ्यावर गाव तक्त्यातून गळतं, आणि त्याची सूचनाही येत नाही. मर्जच्या ‘ऑल’ या पर्यायाला ‘ट्रू’, म्हणजे हो, म्हटलं तरच या ओळी हाती लागतात. म्हणून जुळणी झाल्यावर आधी न जुळलेल्या ओळी वाचाव्यात, सरासऱ्या नंतर काढाव्यात, असं माझं ठाम मत आहे.

शेकडो गावांत दोन-चार गळाली तर काय बिघडलं, असं यावर कुणी म्हणेल. गळती चिठ्ठ्या टाकून झाली असती तर फारसं बिघडलं नसतं. पण गळतात ती ज्यांची नावं बाहेरच्या कारकुनाने कानाला आली तशी लिहून घेतली ती गावं: किनाऱ्यावरचे कोळीवाडे, झाईसारखी गुजरातच्या सीमेलगतची गावं, डोंगरातले पाडे. शिवाय मच्छीमारांची वस्ती आणि महसुली गाव यांच्या हद्दी एकच असतील असं नाही. उरलेल्या गावांची सरासरी मग तालुक्याची म्हणून खपते, आणि ती असते फक्त ज्यांचं नाव कागदावर नीट उतरलं त्यांची.

उलट चूक, म्हणजे दोन वेगळी गावं एक धरणं, अधिक फसवी. गिरगाव मुंबईत आहे तसं तलासरी तालुक्यातही आहे. ‘आर’ला एका तक्त्यात दोन ओळींचं एकच नाव चालत नाही, तो अडून बसतो; हे चांगलंच आहे. घाईतला माणूस मात्र नावं आपोआप वेगळी करणारा आदेश देतो आणि ‘गिरगाव’, ‘गिरगाव.1’ अशी जोडी तयार होते. त्यातलं तलासरीचं कोणतं, हे आता ओळींच्या क्रमावर. ओळींना नावंच दिली नसतील तर आणखी गंमत: ‘आर’ 1, 2, 3 हेच आकडे नावं धरतो आणि पहिल्या ओळीला पहिली बिनतक्रार चिकटवतो.

मग संकेतांक वापरा, हा आक्षेप रास्त आहे. 2011 च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी संकेतांक आहे आणि नावापेक्षा तो कधीही भरवशाचा. पण सगळ्याच खात्यांच्या तक्त्यांत तो नसतो. आणि वरच्या पातळीवर जमीनच हलते: पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला, त्यामुळे 2011 च्या तक्त्यात डहाणू आणि तलासरी ठाण्यात आहेत. त्यानंतरच्या एखाद्या तक्त्याशी जिल्ह्याच्या नावाने जुळवायला गेलं, तर ‘ऑल’ ‘ट्रू’ ठेवूनही पालघरची ओळ निम्मी रिकामी राहते. त्या रिकाम्या चौकटीत ‘आर’ ‘एनए’ लिहितो, म्हणजे माहिती नाही. बेरीज अडते म्हणून तिथे शून्य भरणारे महाभाग आहेत. त्यांच्या हिशेबात धाकटी डहाणूत एकही होडी उरणार नाही.

साधारण सारखी नावं ओळखून जोडणारी तंत्रंही आहेत. त्यांचा उपयोग संशयित जोड्या समोर आणण्यापुरता करावा. निकाल त्यांच्यावर सोडला तर ‘धाकटी डहाणू’ शेजारच्या ‘डहाणू’ नगर परिषदेला सहज जोडली जाईल. प्रत्येक जोडी तालुका पाहून, नकाशा पाहून, वेळ पडल्यास ग्रामपंचायतीत विचारून हातानेच पक्की करावी. काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे: दोन्हीकडची नावं आणि संकेतांक यांचा तिसरा तक्ता जपून ठेवला की पुढच्या वेळी मर्जला तोच द्यायचा.