जीपचा ब्रेक आणि दोन कप्प्यांचा सिलिंडर

तुळजापूरला देवीचे दर्शन झाले. जीप सोलापूरकडे निघाली. गाडीत म्हातारी माणसे आहेत, बायका आहेत, लेकरे आहेत. पुढे घाटाचा उतार आहे. आता या साऱ्यांचा जीव कशावर आहे? ड्रायव्हरच्या पायाखालच्या ब्रेकवर.

ब्रेकच्या पेडलपासून चाकापर्यंत दांडी गेलेली नसते. मग पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो कसा? तो तेलातून पोचतो.

रंगपंचमीची पिचकारी तुम्ही पाहिली आहे. दट्ट्या दाबला की पाणी जोराने बाहेर पडते. पिचकारीचे तोंड बोटाने घट्ट बंद करा. आता दट्ट्या पुढे जात नाही, पण बोटाला दाब जाणवतो. पाणी काय, तेल काय, दाबून लहान होत नाही. दाब मात्र सगळीकडे सारखा पसरतो. फ्रान्स देशातल्या पास्कल नावाच्या पंडिताने सतराव्या शतकात हा नियम सांगितला.

जीपमध्येही अशीच एक पिचकारी असते. तिला मास्टर सिलिंडर म्हणतात. पेडल दाबले की तिच्यातले तेल नळ्यांतून चारी चाकांकडे दाबले जाते. चाकाच्या ड्रममध्ये दोन ब्रेक शू असतात. तेलाच्या दाबाने ते फाकतात आणि ड्रमला घासतात. चाक थांबते.

सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी मुंबईत मोटारींचा कारखाना काढला. १९४७ साली तिथून पहिली मोटार बाहेर पडली. त्या काळच्या मोटारींना आणि जीपना एकाच कप्प्याचा सिलिंडर असे. यात मोठा धोका होता. एका चाकाची नळी फुटली तरी सगळे तेल गळून जाई. मग चारी चाकांचा ब्रेक जाई.

म्हणून दोन कप्प्यांचा सिलिंडर आला. एक कप्पा पुढच्या चाकांचा, एक मागच्या चाकांचा. एकीकडचे तेल गेले, तरी दुसरीकडचा ब्रेक लागतो. पेडल खोल जाते, गाडी थांबायला वेळ लागतो, पण थांबते. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना अशा दुहेरी ब्रेकची सक्ती झाली.

जुन्या जीपला असा सिलिंडर बसवता येतो. पण कोणता बसवायचा, हे आधी समजून घ्यावे. समजा, एक शेतकरी गॅरेजमध्ये आला.

"मेस्त्री, मोठ्यातला मोठा सिलिंडर टाका. मोठा म्हंजे जोर जास्त!"

"नाही हो दादा. उलटं होईल. रुंद पिचकारी दाबायला जड जाते का हलकी?"

"जड जाते की."

"मग हेही तसंच."

मेस्त्रीचे खरे आहे. हिशेब करून पाहा. दट्ट्यावर ८० किलोचा जोर पडला. दट्ट्याचे तोंड ४ चौरस सेंटिमीटर असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला २० किलो दाब मिळतो. तोंड ५ चौरस सेंटिमीटर असेल, तर १६ किलोच मिळतो. म्हणजे पाय तोच, पण ब्रेक कमी.

मग फार लहान घ्यावा का? तेही नको. लहान सिलिंडर एका दाबात थोडेच तेल ढकलतो. शू ड्रमला टेकायच्या आत पेडल तळाला जाते. म्हणून आपल्या गाडीच्या मापाचाच सिलिंडर घ्यावा. चारी चाकांना ड्रम असतील, तर डिस्क ब्रेकच्या गाडीचा सिलिंडर तसाच उचलून लावू नये.

बसवून घेताना चार गोष्टी पाहा.

१. पेडलची दांडी आणि दट्ट्या यांत थोडी मोकळीक हवी. ती नसेल तर ब्रेक धरून राहतो आणि ड्रम तापतो.

२. ब्रेकचेच तेल घाला. इंजिनचे तेल घातले तर आतले रबर फुगते आणि ब्रेक निकामी होतो.

३. नळ्यांतली सगळी हवा काढा. हवा दाबली की लहान होते. मग पेडल स्पंजासारखे लागते आणि चाकाला जोर पोचत नाही.

४. गाडी लगेच रस्त्यावर नेऊ नका. पेडल दाबून धरा. ते हळूहळू खाली गेले, तर कुठेतरी गळती आहे. मग मोकळ्या मैदानात सावकाश चालवून ब्रेक लावून पाहा.

हे काम जाणत्या मेस्त्रीकडूनच करून घ्यावे. पण आपण शेजारी उभे राहावे आणि विचारावे. विचारण्यात लाज कसली?

दुसरा कप्पा अडचणीपुरता असतो. पेडल एकदम खोल गेले, तर गाडी कडेला घेऊन थांबवा आणि दुरुस्त झाल्यावाचून पुढे जाऊ नका. गाडी सुरू झाली नाही, तर माणूस उशिरा घरी पोचेल. गाडी थांबली नाही, तर तो घरी पोचणारच नाही.